भित्रा ससा आणि घरातल्या माश्या

पाठीवर पान पडताच 'आभाळ कोसळले' असे समजून रानभर धावत सुटलेल्या सशाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. ती ऐकताना आपण त्या सशाला हसतो. पण क्षणभर सशाच्या बाजूने विचार करून पाहा. पानाला ससाणा समजून जो ससा पळतो, त्याचे फार तर गवताचे चार घास बुडतात. ससाण्याला पान समजून जो बसून राहतो, त्याचा जीव जातो. अशा हजारो पिढ्या गेल्या. बसून राहणारे कमी होत गेले आणि पळणारे उरले. तुमच्या घरातला ससा हा त्या पळणाऱ्यांचा वंशज आहे. तेव्हा भित्रेपणा हा त्याचा दोष नव्हे; तो त्याच्या संरक्षणाचा उपाय आहे.

घरात मात्र हाच उपाय त्याच्या जिवावर बेतू शकतो. कसा, ते पाहू. समजा, तुमच्या मित्राने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पांढरा ससा आणला. पहिल्याच दिवशी चाळीतल्या सगळ्या मुलांनी त्याला आळीपाळीने उचलून पाहिले. तिसऱ्या दिवशी सशाने एकाच्या हाताला चांगले ओरखडे काढले. तेव्हापासून त्याला कोणी हात लावीनासे झाले. गॅलरीच्या कोपऱ्यात पिंजरा, वरून टाकलेला पाला आणि वाटीत पाणी, एवढाच त्याच्याशी संबंध उरला. पुढे पाऊस सुरू झाला, माश्या वाढल्या. एके दिवशी ससा खाईना, कोपऱ्यात मान घालून बसून राहिला. पिंजऱ्याला घाण वास येऊ लागला. उचलून पाहतात तो शेपटीखालचे केस ओले, आणि त्यात किडे वळवळत आहेत! या अवस्थेला पोचलेले कितीतरी ससे उपचार करूनही वाचत नाहीत.

'आमचा ससा हाती लागत नाही' आणि 'आमच्याकडे माश्या फार झाल्या', या दोन तक्रारी वरवर निरनिराळ्या वाटतात. पण जो ससा हाती लागत नाही, त्याच्या शेपटीखाली काय चालले आहे हे कोणाला कळत नाही. आणि माशी नेमकी तेथेच जाते. म्हणून या दोन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे.

माळावरचा ससा आणि घरातला ससा

आपल्या माळरानावर संध्याकाळी टुणटुण उड्या मारत जाणारा ससा आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा हे एकाच कुळातले असले, तरी निराळे प्राणी आहेत. माळावरच्या सशाचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकोलिस. तो बीळ खणत नाही. गवतात आडोसा पाहून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला संरक्षण आहे. त्याला पकडून घरी पाळता येत नाही.

पाळीव ससा मूळचा युरोपातला, स्पेन व पोर्तुगालच्या बाजूचा. त्याचे नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. हा बिळात राहणारा प्राणी आहे. त्याची पिल्ले बिळात जन्मतात. त्यांच्या अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. सुमारे दहा दिवसांनी ते उघडतात. पांढरा, काळा, करडा, लांब केसांचा, असा कोणताही पाळीव ससा घ्या, तो या एकाच जातीचा असतो. यावरून एक साधी गोष्ट करता येते. पिंजऱ्यात पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवा आणि त्याला दोन दारे कापा. ते झाले त्याचे बीळ. लपायला जागा आहे असे कळले, की ससा बाहेर यायला कमी भितो.

भीती शरीरात कोठे असते?

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, डोक्यावरचेही दिसते. न दिसणारी जागा एकच, ती म्हणजे अगदी नाकासमोरची. आता आपण काय करतो? वरून वाकून हात खाली आणतो आणि बोटे त्याच्या नाकापुढे धरतो. म्हणजे वरून झडप घालणाऱ्या ससाण्यासारखा हात येतो आणि शेवटी जेथे दिसत नाही अशा जागी जाऊन नाहीसा होतो. ससा घाबरला तर नवल नाही.

त्याच्या हृदयाचे ठोके एरवीच मिनिटाला १८० ते ३०० पडतात. आपले साधारण ७२ पडतात, हे लक्षात घ्या. घाबरला की एक तर तो उसळी मारतो, नाही तर जमिनीला चिकटून दगडासारखा बसतो. कान पाठीला घट्ट चिकटलेले, डोळे विस्फारलेले आणि श्वास भराभर चाललेला असला, तर तो शांत बसलेला नाही, घाबरलेला आहे. मागचा पाय जमिनीवर जोराने आपटणे ही त्याची धोक्याची सूचना. बिळातल्या इतर सशांना ती कळावी म्हणून ही सवय आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट हाडांची. सशाच्या सांगाड्याचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे ७ ते ८ टक्के असते. मांजरात ते १२ ते १३ टक्के असते. म्हणजे हाडे हलकी व नाजूक, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र फार बळकट. धरलेला ससा मागचे पाय मोकळे असताना जोराने झाडू लागला, तर त्या हिसड्याने त्याच्याच कमरेचा मणका मोडू शकतो. मणका मोडला की आतल्या मज्जारज्जूला इजा होते आणि मागचे पाय कायमचे लुळे पडतात. यात दोष पकडणाऱ्याच्या हाताचा असतो.

सशाला उचलावे कसे?

पहिले काही दिवस त्याला उचलूच नका. रोज ठराविक वेळी पिंजऱ्याचे दार उघडून दहा मिनिटे जमिनीवर स्वस्थ बसा. पुस्तक वाचत बसलात तरी चालेल. ससा आपण होऊन येईल, पाय हुंगेल, परत पळेल. त्याच्या मागे धावू नका. मागे धावणे म्हणजे कोल्हा होणे! चार-सहा दिवसांनी हात बाजूने, खालून, हळूच पुढे करा आणि कपाळावरून व गालांवरून फिरवा. दात हलकेच एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज आला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजा. दात कराकरा मोठ्याने वाजत असतील, तर त्याला वेदना होत असण्याचा संभव असतो.

उचलताना स्वतः खाली बसा, म्हणजे तो निसटला तरी उंचावरून पडणार नाही. एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे घाला. दुसरा हात ढुंगणाखाली असा धरा की मागच्या पायांचा सारा भार त्यावर येईल. मग त्याला आपल्या छातीशी टेकवा. त्याचे डोके आपल्या कोपराच्या घडीत लपले तर तो लवकर शांत होतो. कान धरून ससा कधीही उचलू नये. कान ही मूठ नव्हे. ते रक्तवाहिन्यांनी भरलेले नाजूक अवयव आहेत आणि शरीरातली जास्तीची उष्णता बाहेर टाकण्याचे काम करतात.

खाली ठेवताना घाई करू नका. जमीन दिसली की ससा उडी मारतो, आणि तेव्हाच बरेच अपघात होतात. त्याचे तोंड आपल्याकडे ठेवून मागचे पाय आधी जमिनीला टेकू द्या, मग हात सोडा.

आणखी एक गैरसमज. सशाला उताणे धरले की तो निपचित पडतो. पुष्कळांना वाटते, त्याला झोप लागली. वास्तविक तो शेवटचा उपाय म्हणून मेल्यासारखा पडलेला असतो. शिकारी प्राण्याच्या तोंडात सापडलेले कितीतरी प्राणी असे करतात. बाहेरून शांत दिसला, तरी आतून तो भीतीने ग्रासलेला असतो. म्हणून गंमत म्हणून असे करू नये.

'किडे पडले' म्हणजे काय?

जखमेत किडे पडले, आंब्यात किडे पडले, असे आपण म्हणतो. जणू ते कोठून तरी आपोआप येऊन पडतात! एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांनाही असेच वाटे, की कुजणाऱ्या मांसातून किडे आपोआप जन्मतात. १६६८ साली इटलीतील फ्रान्सिस्को रेडी या वैद्याने हे तपासून पाहिले. त्याने मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवले. काही भांडी उघडी ठेवली, काहींच्या तोंडावर बारीक जाळीदार कापड बांधले. उघड्या भांड्यांतल्या मांसात अळ्या झाल्या. झाकलेल्या भांड्यांतल्या मांसात झाल्या नाहीत. हवा दोन्हींकडे जात होती. फरक एवढाच, की कापडातून माशी आत जाऊ शकत नव्हती. माश्या त्या कापडावर मात्र घोटाळत आणि तेथेच अंडी घालीत. किडे 'पडत' नाहीत, माशी अंडी घालते आणि अंड्यांतून अळ्या निघतात, हे त्याने दाखवून दिले.

सशाच्या बाबतीत अगदी हेच घडते. आपली नेहमीची घरमाशी, मस्का डोमेस्टिका, ही एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उकिरडा, शेण, ओला कचरा अशा ठिकाणी वाढते. धातूसारखी चकाकणारी हिरवी माशी, ल्युसिलिया, ही याहून धोक्याची. ओले, घाण झालेले केस आणि जखम यांच्या वासाने ती येते व केसांतच अंडी घालते. चोवीस तासांच्या आत, आणि उष्ण दमट हवेत त्याहूनही लवकर, अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. सशाची कातडी पातळ असते. अळ्या ती कुरतडून आत शिरतात आणि जिवंत मांस खाऊ लागतात. म्हणून येथे हिशेब तासांचा असतो.

माशी सशाकडेच का येते?

मांजर आपले अंग चाटून स्वच्छ ठेवते, तसा ससाही ठेवतो. मग शेपटीखाली घाण का साचते? याचे उत्तर त्याच्या पचनक्रियेत आहे. गवत पचायला कठीण. सशाच्या आतड्यात अंधनाल नावाची एक मोठी पिशवी असते. तिच्यातले जिवाणू गवताचे विघटन करतात. तेथून मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या तयार होतात आणि ससा त्या बाहेर येताच तोंड लावून गिळून टाकतो. त्यातून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. नंतर ज्या कोरड्या, गोल लेंड्या पडतात, त्या आपल्याला दिसतात.

आता सशाला बिस्किटे, पाव, पोळी आणि गोड गाजरे भरपूर घातली, तर मऊ लेंड्या वाजवीपेक्षा अधिक आणि पातळ होतात. ससा लठ्ठ झाला, म्हातारा झाला किंवा त्याचे दात दुखत असले, तर त्याचे तोंड मागे पोचत नाही. मग त्या लेंड्या केसांना चिकटतात आणि माशीला आमंत्रण मिळते. तेव्हा पहिला उपाय खाण्याचा. आहाराचा मोठा भाग, पाचात चार हिस्से, गवताचा असावा. त्याच्या जोडीला थोडा हिरवा पाला. गाजर हे सशाचे जेवण नव्हे, खाऊ आहे. गवत चावण्याने त्याचे जन्मभर वाढणारे दातही झिजून बेताचे राहतात.

माशी येण्याचे दुसरे कारण मूत्र. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. पिंजऱ्याजवळ नाकात झोंबणारा वास येतो, तो याचाच. तो माश्यांना आकर्षित करतो आणि सशाच्या श्वसनमार्गालाही अपाय करतो.

माश्यांचा बंदोबस्त

उष्ण हवेत अंड्यापासून अळी, अळीपासून कोष आणि कोषापासून माशी व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. हे गणित आपल्या उपयोगाचे आहे. लेंड्या आणि ओला झालेला कागद रोज काढा. आठवड्यातून दोनदा सारे अंथरूण काढून पिंजरा धुऊन पूर्ण वाळवा. म्हणजे तेथे घातलेल्या एकाही अंड्याची माशी होऊ शकणार नाही. मात्र काढलेली घाण अंगणाच्या कोपऱ्यात टाकलीत, तर माश्यांची शाळा फक्त कोपऱ्यात गेली असे होईल! ती झाकणाच्या डब्यात टाका किंवा खड्ड्यात पुरून वर मातीचा जाड थर द्या. बागेला चांगले खत मिळेल.

उरलेला हिरवा पाला संध्याकाळपर्यंत तसाच राहू देऊ नका. खिडकीला किंवा पिंजऱ्याला मच्छरदाणीची जाळी लावा. ते रेडीचेच कापड आहे असे समजा. मात्र ससा जाळी कुरतडतो, म्हणून ती पिंजऱ्याच्या तारेपासून चार बोटे दूर ताणून बसवा. पंखा दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड करून लावल्यास वाऱ्याविरुद्ध आत येणे माशीला जड जाते. तो सरळ सशाच्या अंगावर नको, आणि त्याची वायर सशाच्या दातांना लागणार नाही अशी ठेवा. गूळपाण्याचा सापळा करायचा असेल तर तो पिंजऱ्यापासून दूर, खोलीबाहेर ठेवा. जवळ ठेवलात तर माश्यांना तुम्हीच सशाकडे बोलावल्यासारखे होईल.

काय करू नये, तेही सांगायला हवे. ससा जवळजवळ केवळ नाकानेच श्वास घेतो. म्हणून त्याच्या खोलीत कीटकनाशकाचा फवारा, मच्छर अगरबत्ती किंवा धुरी नको. डांबराच्या गोळ्या नकोत, फिनेलने पिंजरा धुणे नको. कुत्र्याच्या गोचिडांवरचे औषध सशाला कधीही लावू नये. त्यातले फिप्रोनिल हे द्रव्य कुत्र्याला चालते, पण सशाला ते घातक ठरते. माश्या चिकटवणारा कागद सशाच्या वाटेत येणार नाही इतका उंच टांगा.

रोजची दोन मिनिटे

इतके करूनही एखादी माशी येणारच. म्हणून रोज एकदा, आणि पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ, सशाची तपासणी केली पाहिजे. एकाने खाली बसून वर सांगितल्याप्रमाणे ससा छातीशी उभा धरावा. एक हात ढुंगणाखाली असू द्यावा, उताणे करू नये. दुसऱ्याने शेपटीखालचे आणि पोटाचे केस बोटांनी बाजूला सारून पाहावे. केस कोरडे आहेत का? लेंडी चिकटली आहे का? जखम आहे का? केसांच्या मुळाशी पिवळसर पांढऱ्या, तांदळाच्या बारीक कणीसारख्या अंड्यांचा पुंजका दिसतो का? घाण असेल तर ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून लगेच कोरडा करावा. शेवटी हात साबणाने धुवावेत.

एक जरी अळी दिसली, तरी 'उद्या पाहू' म्हणू नका. मोठ्या माणसांना सांगून त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढता येतील, पण ससा पाण्यात बुडवू नका. त्याने तो अधिकच घाबरतो, आणि ओले केस पशुवैद्याला कातरता येत नाहीत.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पण ती करायची तर ससा दोन मिनिटे तुमच्या हातात स्वस्थ राहिला पाहिजे. जमिनीवर पुस्तक वाचत घालवलेले ते पहिले आठ-दहा दिवस यासाठीच होते. सशाची भीती तुम्हाला घालवता येणार नाही, आणि घालवण्याचे कारणही नाही. तुमचे हात म्हणजे ससाणा नव्हे, एवढेच त्याला पटवून द्यायचे आहे.

करून पाहा

१. पिंजऱ्याच्या ट्रेवर मूत्र वाळून पांढरा, खरखरीत थर धरतो. ससा आहारातले जास्तीचे कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर टाकतो. त्याचा हा कॅल्शियम कार्बोनेटचा थर. ससा बाहेर असताना त्यावर थोडे व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील. तो कार्बन डाय-ऑक्साइड वायू. दहा मिनिटांनी घासून पाण्याने धुवा. साबणाने न निघणारा थर सुटून येईल. असेच बुडबुडे खडूच्या किंवा अंड्याच्या टरफलाच्या तुकड्यावर येतात का, तेही पाहा.

२. तीन सारख्या बाटल्यांत केळ्याच्या सालीचे सारखे तुकडे टाका. एक उघडी ठेवा, दुसरीच्या तोंडावर जुन्या रुमालाचे पातळ कापड दोऱ्याने बांधा, तिसरीला घट्ट बूच लावा. तिन्ही घराबाहेर सावलीत ठेवा. रोज ठराविक वेळी पाहून माश्या, चिलटे आणि अळ्या कोठे दिसतात ते वहीत लिहा. अळ्या दिसू लागल्यावर चार दिवसांत, त्यांच्या माश्या होण्यापूर्वी, प्रयोग थांबवा. सारे खड्ड्यात पुरा आणि हात धुवा. तिसऱ्या बाटलीवरून 'किडे आपोआप होत नाहीत' असे ठामपणे म्हणता येईल का? की त्यासाठी दुसरी बाटलीच हवी? का, याचा विचार करा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांशी चर्चा करा.